कंदांची सरहद्द

काबूलच्या डोंगरपायथ्यांवर उमलणाऱ्या रानट्यूलिपांची बाबराने एकदा मोजदाद करविली, तेव्हा त्यांचे 32-33 प्रकार भरले, अशी नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आणि 1526 साली पानिपत जिंकून आग्र्यास आलेल्या याच उद्यानप्रिय बादशहाने, येथील उष्मा, धूळ व वाहत्या पाण्याचा अभाव यांविषयी तक्रार करीत का होईना, यमुनातीरी जे बाग उठविले, त्यांच्या वाफ्यांतून गुलाब आणि नर्गिस लावल्याचे तो समाधानाने सांगतो, ट्यूलिपचे नाव मात्र तेथे घेत नाही.

याचे कारण कंदाच्या प्रकृतीतच आहे. ट्यूलिपची पुढील वर्षाची कळी उन्हाळ्यातच कंदाच्या पोटी सिद्ध होते खरी, परंतु तिचा देठ वर येण्यास त्यानंतर सुमारे 12 ते 16 आठवड्यांची सलग थंडी लागते. ती न लाभल्यास कळी जमिनीलगत खुंटते आणि कंद वर्षागणिक रोडावत जातो. या नियमापुढे शाही फर्मानाचा इलाज चालत नव्हता. म्हणूनच 1620च्या वसंतात जहांगीर काश्मीरला गेला, तेव्हा त्याने तेथील शंभराहून अधिक फुले आपला चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून कागदावर उतरवून घेतली. मन्सूरने रंगविलेले तांबडे ट्यूलिप आज अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ताजमहालाच्या भिंतींच्या पायथ्याशीही ते फूल संगमरवरात कोरलेले दिसते.

दख्खनला मानवला तो कंद मात्र मेक्सिकोचा. स्पॅनिश सत्तेपूर्वीपासून ॲझ्टेक लोक ज्याची जोपासना करीत, आणि सोळाव्या शतकात जो युरोपात पोहोचला, तोच हा आपला निशिगंध, शेतकऱ्यांची गुलछडी. त्याला ऊब आणि निचऱ्याची जमीन हवी, कडाक्याची थंडी त्यास सोसत नाही. ट्यूलिपला जे उष्ण हवामान मारक, तेच यास पोषक. बादशाही उद्यानांच्या इतिहासात या फुलास फारसे स्थान मिळालेले नाही, हा मला त्या इतिहासातील अन्याय वाटतो. कारण पुणे-नाशिककडच्या कैक कुटुंबांचा प्रपंच आज त्यावर चालतो. एप्रिल-मे महिन्यांत कंद लावावेत, पावसाळ्यात दांडे यावेत, एकेरी फुलांनी हार-वेण्या गुंफाव्यात आणि दुहेरी फुलांचे दांडे फुलदाणीसाठी जुड्या बांधून बाजारात धाडावेत, असा हा क्रम. आणि साधारण तीन वर्षांनी बेटे दाटून फूल बारीक पडू लागले, की कंद उकरून, निवडून, सावलीत विसावा देऊन शेतकरी ते नव्या रानात लावतो.