बोटाचा भाव ठरला होता, डोक्याचा नाही

सप्टेंबर २०२४ मध्ये सेमाडोहजवळ अमरावतीहून धारणीकडे येणारी खासगी बस पुलावरून खाली गेली. माणसं गेली, कितीतरी जखमी झाले, आपल्या भागात शिकवायला येणारे शिक्षकही त्यात होते. अशा अपघातात पेपरला आकडा येतो तो मेलेल्यांचा. बाकीचे ‘किरकोळ’ आणि ‘गंभीर’ या दोन शब्दांत संपतात. त्या बाकीच्यांतल्या एका प्रकाराबद्दल आज लिहितो : ज्याच्या डोक्याला मार लागतो, जो वाचतो, आणि पयल्यासारखा राहत नाही.

हातपाय धड असतात. जेवतो, बोलतो. पण सकाळचं दुपारी आठवत नाही, बाजारात हिशेब चुकतो, बायकोवर उगाच खेकसतो. लोक म्हणतात, ‘थो बरा हाये, फक्त डोस्कं फिरलं.’ या फिरलेल्या डोस्क्याची भरपाई कायद्यात कशी आली, हा इतिहास वाचण्यासारखा आहे.

आपल्याकडे पहिली रेल्वे १८५३ ला धावली आणि दोनच वर्षांनी, १८५५ ला, इंग्रजांनी प्राणघातक अपघातांचा कायदा केला. तो मेलेल्याच्या वारसांसाठी होता. जो जगला त्याने साध्या दिवाणी दाव्याची वाट धरायची. मग १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आला. त्याच्या शेवटी एक तक्ता आहे, तो प्रत्येकाने एकदा पाहावा. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के घटली असं धरायचं, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२. बोटाच्या पेरापेरांचा हिशेब आहे. दोन्ही डोळे, दोन्ही हात, पूर्ण बहिरेपण, हे शंभर टक्के. स्मरणशक्ती मात्र त्या तक्त्यात कुठंच नाही. गिरणीच्या मशीनमध्ये बोट जातं हे दिसत होतं, डोक्याच्या आतलं कोणाला दिसत होतं? तक्त्यात नसलेली इजा डॉक्टरने ठरवावी अशी सोय आहे, म्हणजे सगळा भार एका कागदावर.

रस्त्यावरच्या अपघातांसाठी दावा न्यायाधिकरणं १९५६ च्या दुरुस्तीने आली. आजचा मोटार वाहन कायदा १९८८ चा. तरी टक्क्यांचं भूत गेलं नाही. सर्टिफिकेटवर ४० टक्के लिहिलं की कमाईही ४० टक्केच बुडाली, असं धरलं जायचं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट बोट ठेवलं : शरीराचा टक्का वेगळा, कमाईचा वेगळा. डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराचा धंदाच बसतो, कारकून कदाचित नोकरीत राहू शकतो. मला हा निकाल डोक्याच्या माराला सगळ्यात जास्त लागू वाटतो. ज्याला दोन सूचना एकापाठी एक लक्षात राहत नाहीत, त्याला वीटभट्टीवर किंवा बांधकामावर कोण ठेवणार?

पुढचं मोठं पाऊल २०२० चं. बारा वर्षांची मुलगी, २००७ चा अपघात, मेंदूला इजा, बुद्ध्यांक वीसच्याही खाली. न्यायाधिकरणाने ११ लाखांच्या आसपास दिले, हायकोर्टाने २५ लाखांवर नेले, सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार केले. त्यातली एक रक्कम मला फार महत्त्वाची वाटते : तिला आयुष्यभर सांभाळणाऱ्या दोन माणसांचे, दरमहा पाच-पाच हजार धरून, २१ लाख ६० हजार. आपल्याकडे हे काम आई करते, नाहीतर बायको, आणि त्यासाठी मजुरी सोडते. घरचं काम म्हणून ते दाव्यात मांडलंच जात नाही. ते मांडा.

पण खरी अडचण कोर्टाच्या आधीची आहे. मोटारसायकलवाल्याने पाच-दहा हजार दिले की आपसात मिटतं, पोलीस ठाण्यात नोंदच होत नाही. डोक्याचा मार महिन्या-दोन महिन्यांनी कळायला लागतो, तोवर गाडीचा नंबरही कोणाला आठवत नाही. म्हणून पहिल्या दिवशी दवाखान्यात ‘अपघात’ असं लिहून घ्या, बेशुद्ध किती वेळ होता तेही. अमरावती-नागपूरला हलवलं तर तिथले स्कॅन, डिस्चार्ज कार्ड जपा. पुढे सर्टिफिकेट जोडून भागत नाही, डॉक्टरची साक्ष लागते. वागणूक कशी बदलली हे सांगायला शेजारी, मुकादम, शाळेचे गुरुजी चालतात. साक्षीदार कोरकूच बोलत असेल तर दुभाषी मागा. मोडक्या हिंदीत दिलेली साक्ष उलटतपासणीत टिकत नाही.

मुदतीचंही सांगतो. १९९४ ला दाव्याची मुदत काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली, १ एप्रिल २०२२ पासून सहा महिने. त्याला आव्हान दिलं गेलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उशीर झाला एवढ्यावरून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश दिला. त्या भरवशावर मात्र बसू नका, सहा महिन्यांच्या आतच टाका. अपघात पुण्याला झाला असला तरी दावा आपण राहतो त्या भागाच्या न्यायाधिकरणात टाकता येतो. आणि वकिलाच्या फीसाठी बैल विकायची गरज नाही : आदिवासी, महिला आणि दिव्यांग यांना, कमाई कितीही असो, विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. अर्ज साध्या कागदावर चालतो.