सातवा ककार

बातमी लिहायला शिकवताना आपण मुलांना सहा ककार सांगतो : कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसे. महत्त्वाचे आधी, तपशील नंतर. एका शाळेत आम्ही हा उपक्रम घेतला आणि मुलांच्या बातम्या याच निकषांवर तपासल्या. सर्वाधिक गुण मिळाले ते शाळेमागच्या विहिरीत मगर सापडल्याच्या बातमीला. सहाही ककार जागच्या जागी होते. फक्त मगर नव्हती! चूक मुलाची नव्हे, आमच्या गुणतक्त्याची होती.

अशीच एक बातमी इतिहासात गाजली आहे. २५ ऑगस्ट १८३५ रोजी न्यूयॉर्कच्या ‘सन’ या दैनिकात एक लेखमाला सुरू झाली. कोण? प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल. कुठे? दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात. इथवर सगळे खरे होते. हर्शेल १८३४ पासून तिथे खरोखरच आकाशनिरीक्षण करीत होते. कसे? २४ फूट व्यासाच्या भिंगाच्या दुर्बिणीतून. काय दिसले? चंद्रावर अरण्ये, दोन पायांवर चालणारे बीव्हर आणि वटवाघळासारखे पंख असलेली माणसे! आधार म्हणून एडिंबरोच्या एका शास्त्रीय नियतकालिकाचे नाव दिले होते. सहा भागांच्या या मालेवर अनेकांनी विश्वास ठेवला. ‘सन’मध्येच काम करणारा रिचर्ड अ‍ॅडम्स लॉक तिचा कर्ता मानला जातो.

आता ही बातमी आपण तपासू. दुर्बिणीतून वेगळा ओळखता येणारा लहानात लहान कोन म्हणजे साधारणपणे प्रकाशाची तरंगलांबी भागिले भिंगाचा व्यास. तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर आणि व्यास सुमारे ७.३ मीटर धरू. ३,८४,००० किलोमीटरवरच्या चंद्रावर हा कोन सुमारे ३० मीटर अंतर व्यापतो. म्हणजे तसे भिंग असते तरी माणूस काय, हत्तीसुद्धा ओळखू आला नसता.

हे गणित त्या वेळच्या सामान्य वाचकाजवळ नव्हते, हे खरे. हर्शेलना पत्राने विचारावे तर उत्तर जहाजाने यायला महिने लागत. पण एक प्रश्न त्यालाही विचारता आला असता : ते नियतकालिक कुणी पाहिले आहे का? ते काही वर्षांपूर्वीच बंद पडले होते.

आता आमच्या तक्त्यात सातवा ककार आहे : कशावरून? निम्मे गुण त्यालाच. मुले एकमेकांच्या बातम्या तपासतात आणि प्रत्येक वाक्यासमोर लिहितात : स्वतः पाहिले, अमक्याकडून ऐकले, की नुसता अंदाज. प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान वेगळे लिहायला आपण शिकवतो, तेच हे. आपल्या वर्गात करून पाहा. विहिरीपर्यंत जाऊन यायला दहा मिनिटे पुरतात.