फेलिसितासचं शेत आणि वेस्टमिन्स्टरची शाळा

आपल्याकडे गावची शाळा जिल्हा परिषदेची, शहरातली महापालिकेची. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळांचा स्वतंत्रच जिल्हा असतो. त्याची हद्द वेगळी, मंडळ बहुधा लोकांनी निवडून दिलेलं, आणि खर्चाचा मोठा वाटा त्या भागातल्या घर-जमिनीच्या करातून येतो. कुठलं पोर कुठल्या शाळेत बसणार, हेही ते मंडळच ठरवतं. असाच एक जिल्हा कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टरचा. लॉस एंजेलिसजवळचं हे उपनगर आज घरांनी भरलंय. ऐंशी वर्षांपूर्वी तिथं शेती होती.

तेव्हा तिथं दोन शाळा होत्या. सतराव्या रस्त्यावरची शाळा गोऱ्या मुलांची. तिथं छान मैदान, झोके. दुसरी हूवर शाळा, मेक्सिकन वंशाच्या मुलांची. तिथं लाकडी खोल्या, शेजारी गुरांचं कुरण, त्याला विजेचं कुंपण, आणि डबा खाताना माश्या.

१९४३-४४ च्या सुमारास सोलेदाद विदाउरी ही बाई आपली मुलं आणि भावाची मुलं घेऊन सतराव्या रस्त्यावरच्या शाळेत नाव घालायला गेली. तिची स्वतःची मुलं उजळ रंगाची, आडनावही मेक्सिकन न वाटणारं. त्यांना प्रवेश मिळत होता. भावाच्या सावळ्या, मेंडेझ आडनावाच्या मुलांना मात्र हूवरला जायला सांगितलं. सोलेदादने आपल्याही मुलांची नावं घातली नाहीत. सगळ्यांना घेऊन ती घरी परतली. आम्हाला विचाराल तर पुढचा सगळा खटला तिथंच सुरू झाला.

भाऊ गॉन्झालो मेंडेझ आणि त्याची बायको फेलिसितास, मूळची पोर्तो रिकोची, खंडाने शेती करत होते. ती जमीन मुनेमित्सु या जपानी कुटुंबाची. युद्धात सरकारने त्यांना ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या छावणीत डांबलं होतं. एकावर झालेल्या अन्यायातून दुसऱ्याला शेत मिळालं, आणि त्याच शेताच्या पैशावर दुसरा अन्याय कोर्टात गेला. गॉन्झालो वकील डेव्हिड मार्कस यांच्याबरोबर घरोघर फिरून साक्षीदार गोळा करायचा. इकडे ॲस्परॅगस भाजीची लावणी, मजूर, हिशोब हे सगळं फेलिसितास बघायची. वकिलाची फी याच शेतातून निघाली.

मार्च १९४५ मध्ये दावा दाखल झाला, तो वेस्टमिन्स्टर, गार्डन ग्रोव्ह, सांता आना आणि एल मोडेना या चार शाळा-जिल्ह्यांविरुद्ध. कागदावर नावं पाच बापांची. सातबाऱ्यावर नवरा आणि शेतात आपण, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

मुलांना इंग्रजी येत नाही म्हणून वेगळी शाळा, असं जिल्ह्यांचं म्हणणं. मग मार्कसनी चांगलं इंग्रजी बोलणारी मुलगीच साक्षीला उभी केली. गार्डन ग्रोव्हच्या शिक्षणाधिकाऱ्याने तर ही मुलं स्वच्छतेत आणि कुवतीत कमी असतात, असं भर कोर्टात सांगितलं. त्या एका साक्षीने भाषेचं पांघरूण गळून पडलं. मेंडेझांची थोरली सिल्व्हिया तेव्हा आठनऊ वर्षांची. आईबाप भांडताहेत ते त्या छान मैदानासाठी, असंच तिला वाटायचं.

फेब्रुवारी १९४६ मध्ये न्यायाधीश पॉल मॅकॉर्मिक यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. जिल्ह्यांनी अपील केलं, ते एप्रिल १९४७ मध्ये फेटाळलं गेलं. त्याच वर्षी राज्यपाल अर्ल वॉरन यांनी वेगळ्या शाळांना मुभा देणारा राज्याचा उरलेला कायदाही रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली. १९५४ मध्ये काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा देशभर घटनाबाह्य ठरल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश हेच वॉरन होते.

मुनेमित्सु कुटुंब परत आल्यावर दोन्ही घरं काही काळ त्याच शेतावर राहिली. सिल्व्हिया पुढे परिचारिका झाली. आपण काय केलं ते कुणालाच माहीत नाही, तू सांग, असं फेलिसितासने म्हातारपणी लेकीला सांगितलं. निवृत्तीनंतर सिल्व्हिया शाळाशाळांतून बोलत फिरू लागली. फेलिसितास १९९८ मध्ये गेली. दोन वर्षांनी शेजारच्या सांता आनात एक शाळा उघडली. तिच्या पाटीवर गॉन्झालो आणि फेलिसितास, दोघांचीही नावं आहेत.

वेस्टमिन्स्टरमध्ये आता व्हिएतनामी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. ज्या शाळा-जिल्ह्याने एकेकाळी भाषेचं कारण सांगून मुलं वेगळी बसवली, त्याच्याच एका शाळेत २०१५ पासून मुलं व्हिएतनामी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत एकाच वर्गात बसून शिकतात.