स्प्लिट एसी घेताय? आधी रूम मोजा, मग स्टार बघा

उन्हाळा जवळ आला की फोनवर एसीच्या ऑफर्सचा मारा सुरू होतो. दीड टन, ५ स्टार, इन्व्हर्टर, ५-इन-१, वायफाय... इतके शब्द कानावर आदळतात की शेवटी दुकानदार जो दाखवेल तो एसी घेऊन आपण मोकळे होतो. पण एसी काही फोनसारखा दोन-तीन वर्षांनी बदलत नाही. एकदा घेतला की पुढची आठ-दहा वर्षं त्याचं लाइट बिलही आपल्यालाच भरायचं असतं. म्हणून पैसे भरण्याआधी नक्की कोणते आकडे बघायचे, ते समजून घेऊया.

स्प्लिट एसी काम कसा करतो?

एसी थंडावा तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतलं युनिट उष्णता शोषतं, बाहेरचं युनिट ती सोडून देतं आणि दोघांमधल्या तांब्याच्या नळ्यांतून गॅस फिरत राहतो. अमेरिकेत राहणाऱ्या कुणाकडून 'डक्टलेस मिनी स्प्लिट' हा शब्द ऐकला असेल, तर तो हाच. तिकडे बऱ्याच घरांत हवेसाठी डक्ट फिरवलेले असतात, म्हणून डक्ट नसलेल्या एसीला वेगळं नाव. हीच उष्णता उलट दिशेने, म्हणजे बाहेरून आत आणली की झाला 'हॉट अँड कोल्ड' एसी. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कडाक्याची थंडी मोजकेच दिवस असते, त्यामुळे या फीचरसाठी जास्तीचे पैसे देण्याची गरज सहसा पडत नाही.

टन म्हणजे वजन नव्हे

एक टन बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता त्याच वेळात बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे १ टन. (हा अमेरिकन टन, साधारण ९०७ किलोचा.) वॅटमध्ये सांगायचं तर सुमारे ३५०० वॅट. या हिशोबाने दीड टन म्हणजे जवळपास ५२७५ वॅट. पण 'दीड टन' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मॉडेल्सची क्षमता ५००० वॅटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. म्हणून टन विचारू नका, लेबलवरचे वॅट वाचा.

ढोबळ अंदाज असा:

- १२० चौरस फुटांपर्यंत: १ टन
- १२० ते १८० चौरस फूट: दीड टन
- त्याहून मोठी खोली: २ टन

वर थेट गच्ची असेल किंवा पश्चिमेची भिंत दुपारभर तापत असेल, तर एक पायरी वर जा. पण 'मोठा घेतला की बरा' असंही नाही. गरजेपेक्षा मोठा एसी खोली पटकन गार करून थांबतो आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो. मुंबई-कोकणात हे लगेच जाणवतं: खोली गार, पण अंग चिकट.

इन्व्हर्टर म्हणजे काय?

फोनचा प्रोसेसर गेम खेळताना फुल स्पीडला जातो आणि नुसती गाणी ऐकताना हळू चालतो. इन्व्हर्टर एसीचा कंप्रेसर तसाच, गरजेनुसार वेग कमी-जास्त करतो. जुन्या पद्धतीचा कंप्रेसर मात्र एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. वीज वाचते ती इथे. '५-इन-१' वगैरे म्हणजे कंप्रेसरची कमाल मर्यादा रिमोटने कमी करण्याची सोय, पाच एसी नव्हेत!

३ स्टार की ५ स्टार? हिशोब करा

स्टार देण्याचे निकष बीईई ही सरकारी संस्था ठरवते. लेबलवर आयएसईईआर नावाचा आकडा असतो. तो जितका जास्त, तितका एसी कमी विजेत जास्त काम करतो. बीईई हे निकष काही वर्षांनी कडक करते, त्यामुळे जुन्या स्टॉकमधला ५ स्टार आजच्या निकषांत ४ स्टार ठरू शकतो. म्हणून स्टार मोजण्यापेक्षा हा आकडा आणि लेबलची मुदत बघा.

लेबलवरची वार्षिक युनिट्स १६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. समजा, ३ स्टारच्या लेबलवर ९५० युनिट आहेत आणि ५ स्टारच्या लेबलवर ७५०. फरक २०० युनिटचा. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाला २४०० रुपये वाचतात. किमतीत ८००० चा फरक असेल तर तो साडेतीन वर्षांच्या आत वसूल होतो.

आता तुम्ही एसी फक्त एप्रिल-मे मध्ये, रात्री सात तास लावता असं धरू. म्हणजे साधारण ४०० तास. मग बचत उरते वर्षाला ६०० रुपये आणि तेच ८००० वसूल व्हायला तेरा वर्षं लागतात! अशा घरात चांगला ३ स्टार पुरतो. वर्क फ्रॉम होममुळे दिवसभर एसी चालत असेल, तर ५ स्टारच घ्या.

दर धरताना एक काळजी घ्या. महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटनंतर स्लॅब बदलतो. एसीची युनिट्स पंखा-फ्रिजच्या युनिट्सवर चढतात, म्हणजे वरच्या, महाग स्लॅबमध्ये जातात. त्यामुळे जुन्या बिलाची सरासरी नको, वरच्या स्लॅबचा दर धरा.

तुमचं गाव कुठलं?

समुद्राजवळ खाऱ्या हवेने कॉइल लवकर गंजतं. तिथे तांब्याचं आणि गंजरोधक कोटिंग असलेलं कॉइल बघा. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, म्हणून बाहेर किती तापमानापर्यंत एसी नीट चालतो ते विचारा. त्या कोरड्या हवेत कूलरही उत्तम चालतो. बजेट कमी असेल तर त्याला कमी लेखू नका.

फिटिंगमध्ये घाई नको

चांगला एसी खराब फिटिंगने वाया जातो. मेकॅनिककडून या गोष्टी करून घ्या:

- गॅस सोडण्याआधी नळ्यांना व्हॅक्यूम पंप लावायलाच हवा. आत हवा किंवा ओल राहिली तर कूलिंग घटतं आणि कंप्रेसरचं आयुष्यही.
- बाहेरचं युनिट बंदिस्त कोपऱ्यात नको, नाहीतर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. सर्व्हिसिंगसाठी माणूस तिथे सुरक्षित उभा राहू शकेल, हेही बघा.
- नळ्या शक्य तितक्या आखूड आणि ड्रेन पाइपला बाहेरच्या दिशेने उतार.
- स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि चालू अर्थिंग.

जास्तीच्या पाइपचे आणि स्टँडचे पैसे वेगळे लागतात, ते आधीच विचारा. भाड्याच्या घरात राहत असाल तर पुढे एसी काढून दुसरीकडे बसवण्याचा खर्चही धरा, आणि भिंतीला भोक पाडण्याआधी घरमालकाची परवानगी घ्या.

पैसे भरण्याआधी शेवटची नजर

खोलीचं माप, लेबलवरचे वॅट, आयएसईईआर आणि वर्षाचे तुमचे तास, हे चार आकडे फोनच्या नोट्समध्ये लिहून दुकानात जा. इन्व्हर्टर एसीचा पीसीबी महाग असतो, म्हणून वॉरंटी कंप्रेसरइतकीच पीसीबीवर किती वर्षं आहे ते विचारा. तुमच्या भागात सर्व्हिस सेंटर आहे का, तेही बघा. वायफाय सगळ्यात शेवटी. घरी आणल्यावर तापमान २४ वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. १८ वर टाकल्याने खोली लवकर गार होते असं नाही, बिल मात्र नक्की वाढतं.