चुकीचा ड्रायव्हर : जुन्या संगणकावरील निदान व दुरुस्ती

संगणकातील एखाद्या भागाकडून (ध्वनी, चित्र, नेटवर्क, प्रिंटर) काम कसे करून घ्यायचे हे कार्यप्रणालीला सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. दुसऱ्याच भागाचा किंवा दुसऱ्याच विंडोजचा ड्रायव्हर बसला की आवाज जातो, पडद्यावरची अक्षरे बेढब मोठी होतात, वाय-फाय दिसेनासे होते, कधी यंत्र निळ्या पडद्यावर येऊन अडते. भाग स्वतः बहुधा ठणठणीत असतो, तरी तोच बदलला जातो.

बंगळुरूत अशी यंत्रे सदर पत्रप्पा रोडवर, बोलीत एस. पी. रोडवर, पोहोचतात. टाउन हॉलजवळचा हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार जुन्या पेठेला लागून आहे. एका दुकानातला मदरबोर्ड, दुसऱ्यातले वापरलेले ग्राफिक्स कार्ड, तिसऱ्याची केबल असे जुळवलेल्या यंत्राच्या डब्यावर कोणत्या कंपनीचे नाव आहे याला फारसा अर्थ उरत नाही. ओळख चिपची करायची.

ती ओळख डिव्हाइस मॅनेजरमध्ये मिळते. पिवळ्या त्रिकोणाच्या नोंदीवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी असे गेले की चार-चार खुणांचे दोन गट दिसतात : पहिला चिप बनवणाऱ्याचा, दुसरा चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल (१९७८ च्या आपल्या प्रोसेसरचाच आकडा कंपनीने घेतला), १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १०ईसी म्हणजे रिअलटेक. त्रुटीचा आकडाही वाचावा. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, १० म्हणजे उपकरण सुरू होत नाही, ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटत नाही. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही. जुन्या यंत्रावर विंडोज बदलल्यावर हीच चूक वारंवार होते.

बिघाड नुकत्याच झालेल्या अपडेटनंतरचा असेल तर प्रथम 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरावे. ही सोय विंडोज एक्सपीपासून (२००१) आहे. बटण फिके असेल तर मागची आवृत्ती साठवलेली नाही, म्हणून ड्रायव्हर काढावा लागतो. इथे बहुतेकांची फसगत होते. नुसते 'अनइन्स्टॉल' केले तर फाइलींचा संच ड्रायव्हर स्टोअरमध्ये तसाच राहतो आणि यंत्र पुन्हा सुरू होताच विंडोज तोच ड्रायव्हर परत बसवते. काढताना ड्रायव्हरच्या फाइलीही पुसण्याच्या चौकटीत खूण करावी आणि इंटरनेट तोडून ठेवावे. चुकीच्यावर बरोबरचा चढवला की भागेल, हा भ्रम आहे. पडदाच काळा असेल तर हे सारे सेफ मोडमध्ये करावे. विंडोज ७ पर्यंत सुरुवातीलाच एफ८ दाबून तिथे जाता येते. चुकीचा ड्रायव्हर निघाल्यावर आधी चिपसेटचा, मग बाकीचे ड्रायव्हर बसवावेत. नेटवर्कचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आधीच घेतलेला असावा, नाहीतर बाकीचे उतरवून घ्यायलाच वाट राहत नाही. 'सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो' म्हणणाऱ्या प्रोग्रामांपासून दूर राहावे. दुखणे पुष्कळदा त्यांचेच असते.

हार्डवेअर आयडीतला क्रमांकही कधी फसवतो. यूएसबी-सिरियल केबलींत नकली चिपा अस्सल चिपचाच क्रमांक सांगतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआय कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा उत्पादन क्रमांक शून्य करून टाकला आणि केबली निकामी झाल्या. ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला. प्रोलिफिक कंपनीच्या जुन्या चिपांची गोष्ट वेगळी आहे : नवा ड्रायव्हर त्यांना नाकारतो आणि त्रुटी १० येते. तिथे जुनी आवृत्ती बसवून 'लेट मी पिक' यादीतून ती हाताने निवडावी. विंडोज अपडेटने पुन्हा नवी आणली, तर हीच निवड पुन्हा करावी लागते.