जाते, तवा आणि न्याहारी

खाद्यपदार्थांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची नजर सहसा मेजवानीकडे जाते. राजवाड्यातल्या पंगती, लग्नातली पक्वान्ने, सणांचे नैवेद्य यांची वर्णने सापडतात, कारण ती मिरवण्यासाठीच असतात. सकाळी उठल्यावर घाईने खाल्लेल्या घासाची नोंद मात्र कोणी करीत नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील घरगुती न्याहारीचा मागोवा घ्यावयाचे ठरविले, तेव्हा साधनांचा प्रश्न आमच्यापुढे लगेच उभा राहिला. छापील पाकपुस्तके येथे फारशी उपयोगी पडत नाहीत. 1875 सालचे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र', 1910 सालचे लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' आणि 1970 सालची कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' ही परंपरा प्रामुख्याने पश्चिमेकडच्या शिकलेल्या मध्यमवर्गाची आहे. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे कचेरीची आणि शाळेची भाषा उर्दू होती, आणि ज्या बायका रोज भाकरी थापीत त्यांच्यापर्यंत मराठी मुळाक्षरेही क्वचितच पोहोचत. पाककृती लिहून ठेवणार कोण?

तरीही दस्तऐवज आहे, आणि तो इतिहासकारांपेक्षा साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या अधिक हाताशी आहे. तो म्हणजे जात्यावरची ओवी. आपण तिचा अभ्यास भावकाव्य म्हणून करतो. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल अशी तिची वर्गवारी करतो. ती न्याहारीच्या पूर्वतयारीत जन्मली, एवढे मात्र सोयीस्करपणे विसरतो. आमचे म्हणणे असे की मराठवाड्यातील ओवी आणि मराठवाड्यातील न्याहारी यांचा इतिहास एकच आहे, आणि त्यांना जोडणारा दुवा ज्वारीच्या पिठात आहे.

आधी शब्दांकडे पाहू. 'नाश्ता' हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी. 'न्याहारी'चा संबंधही फारसीतील 'नाहार'शी जोडला जातो, आणि त्याचाही जुना अर्थ निरन्न असाच आहे. म्हणजे सकाळच्या खाण्यासाठी आपण जे दोन शब्द वापरतो, ते दोन्ही अन्नाचे नव्हेत, भुकेचे आहेत. निजामी मुलखात हे शब्द वरून लादले गेले असे समजण्याचे कारण नाही. 'न्याहारी' तर साऱ्या महाराष्ट्रभर रुळलेली आहे. पण आज लातूरच्या एखाद्या घरात 'नाश्ता' म्हटले की पोहे डोळ्यांपुढे येतात आणि 'न्याहारी' म्हटले की शेताचा बांध. एकाच अर्थाच्या दोन शब्दांची ही वाटणी अलीकडची आहे.

ग्रामीण कवितेने आणि चित्रपटाने या बांधावरच्या न्याहारीचे एक चित्र आपल्या मनात पक्के बसविले आहे. डोक्यावर टोपले घेतलेली कारभारीण, झाडाखाली बसलेला धनी, भाकरी, ठेचा, कांदा. चित्र खोटे नाही, परंतु ते फार उशिरा सुरू होते. टोपले डोक्यावर येण्यापूर्वीचे तीन-चार तास त्यात नाहीत.

हे तास का लागत? ज्वारीच्या पिठात गव्हाप्रमाणे चिवट ताण धरणारे ग्लुटेन नसते. ज्वारीची भाकरी लाटता येत नाही ती त्यामुळेच. ती ऊन पाण्यात मळून हाताने थापावी लागते. पीठ ताजे असेल तोवर ते हाताला साथ देते. काही दिवस गेले की बायका म्हणतात, 'पिठाची विरी गेली'. मग भाकरी थापताना कडेने फाटते, तव्यावर टाकताना मोडते, शिवाय पिठाला कडवट वासही येऊ लागतो. गव्हाचे पीठ महिनाभर ठेवून चालते, ज्वारीचे तसे चालत नाही. म्हणून ज्वारीच्या मुलखात दळण हे आठवड्याचे काम नव्हते, रोजचे होते, आणि सकाळच्या भाकरीसाठी ते पहाटेच उरकावे लागे. रोजच्या या सक्तीतून रोजचे गाणे आले. ओवीची विपुलता ही मराठी स्त्रीच्या प्रतिभेची साक्ष आहे यात शंका नाही, पण ती ज्वारीच्या पिठाच्या अल्पायुष्याचीही साक्ष आहे. एखाद्याला हे फार रूक्ष वाटेल. आम्हांस मात्र त्यामुळे ओवीचे मोल कमी झाल्यासारखे वाटत नाही.

जनाबाईचेच पाहा. तिचे गाव गंगाखेड, नांदेडच्या वरच्या अंगाला गोदावरीकाठी. पांडुरंग तिला दळू लागतो ही कथा आपण भक्तीची परमावधी म्हणून शिकवितो. पण देवाने येऊन जी कामे करावी असे त्या दासीला वाटले, त्यांत दळणाचा मान पहिला आहे, याचा अर्थ दळण किती जड होते हेही कळते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी 1980च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यांतून 1 लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होत आल्या. त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात गायिलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. जाते सर्व जातींच्या घरांत फिरत होते. त्यात पडणारे धान्य मात्र एक नव्हते.

येथे तव्याकडे वळले पाहिजे, कारण न्याहारीचा दुसरा निम्मा इतिहास तेथे आहे. लातूरच्या आग्नेयेला, आजच्या कर्नाटकाच्या हद्दीत असलेले बसवकल्याण हीच कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिसरा सोमेश्वर या राजाचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ 1129च्या सुमाराचा. गायकवाड प्राच्यविद्या मालेत गजानन श्रीगोंदेकरांनी तो संपादिला, पहिला खंड 1925 साली. त्याच्या तिसऱ्या विंशतीत अन्नभोगाचे प्रकरण आहे, आणि तेथे मांडे, पुऱ्या, वडे यांच्याबरोबर 'धोसक' भेटतो. आजच्या डोशाचा हा पूर्वज तांदळाचा नाही. वाटलेल्या डाळीचा आहे. ओले पीठ तापलेल्या तव्यावर पसरून भाजण्याची कृती मात्र तीच. मराठवाड्यात घरोघरी होणारी धिरडी याच कुळातली. धोसकापासून धिरड्यापर्यंत सरळ वंशावळ काढण्याचा मोह आम्ही आवरतो, कारण मधल्या आठ शतकांचे साधन आपल्यापाशी नाही. एवढे खरे की, ज्या प्रदेशाला आपण आज 'मागास' असे विशेषण सहज लावतो, त्याच्या दारातच दख्खनच्या पाकशास्त्राचा एक आद्य ग्रंथ लिहिला गेला.

धपाटे हे धिरड्याचे कोरडे भावंड. ज्वारीच्या पिठात थोडे गव्हाचे आणि हरभरा डाळीचे पीठ, तिखट, ओवा, तीळ, लसूण, असल्यास मेथी. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर उलटे टाकायचे. पश्चिम महाराष्ट्राचे थालीपीठ भाजणीचे, म्हणजे आधी भाजून दळलेल्या धान्यांचे. धपाट्याला भाजणी लागत नाही, घरात असेल ते कच्चे पीठ चालते. नावच सांगते की हा थापण्याचा पदार्थ आहे. पाठीत बसणारा धपाटा आणि दह्याशी खाल्ले जाणारे धपाटे यांचा ध्वनी एकच. गहू आणि हरभरा यांची जोड येथे चवीपुरती नाही. विरी गेलेले ज्वारीचे पीठ त्यांच्या आधाराने पुन्हा थापण्याजोगे होते. भाकरीला नालायक ठरलेले पीठ वाया न घालविण्याची ही युक्ती. काटकसरीतून पक्वान्न होते ते असे.

जगात इतरत्रही ओले पीठ आणि तापलेले लोखंड यांच्या भेटीतून न्याहारी घडली आहे. शहरांतल्या तरुणांना आता परिचित झालेले वॉफल हे त्यांतले एक. डच 'वाफेल' या शब्दाचे नाते मधाच्या पोळ्याशी आणि विणकामाशी सांगतात. मध्ययुगीन युरोपात दोन लोखंडी पाट बिजागरीने जोडून, लांब दांड्यांनी विस्तवावर धरून ते भाजीत, आणि साच्यांवर घराण्यांची चिन्हे कोरीत. 1869 साली न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट याने चुलीवर बसणाऱ्या साच्याचे पेटंट घेतले आणि वॉफल अमेरिकेत घरोघरीची न्याहारी होण्याचा मार्ग सुकर झाला. त्यातील खळगे नक्षीसाठी नाहीत. त्यांनी पीठ अधिक पृष्ठभागावर भाजले जाते, लोणी-पाक साठून राहतो. थालीपीठाला बोटाने पाडलेली भोके हेच काम तेलासाठी करतात. फरक साच्याचा आहे. वॉफलचा साचा विकत घ्यावा लागतो आणि तो एकाच पदार्थाचा असतो. तव्यावर भाकरी, धपाटे, धिरडे, पिठल्याची फोडणी सारे होते, आणि थापण्याचा साचा म्हणजे बाईचा तळहात.

भाजण्याचे साधन कोणाच्या हाती, हा प्रश्न आपल्या संतकथांनाही ठाऊक होता. मुक्ताबाईला मांडे करावयाचे असतात, विसोबा चाटीच्या सांगण्यावरून कुंभार तिला खापर देत नाही, आणि अखेरीस ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले जातात. चमत्कार बाजूला ठेवा. बहिष्कार कसा घालतात याचे इतके नेमके वर्णन क्वचित सापडेल. धान्य आहे, हात आहेत, विस्तव आहे, पण भाजावयाला पृष्ठभाग नाही. कथेतला हाच विसोबा पुढे औंढा नागनाथला नामदेवांचा गुरू होतो.

आणि ज्यांच्याकडे धान्यच नाही त्यांचे काय? लातूरजवळच्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' 1987 साली आले, पुढल्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाने आपल्या न्याहारीच्या चित्राला छेद दिला. ज्या जमातीवर इंग्रजी कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला, तिच्या घरात सकाळ उगवते ती आज खायचे काय या प्रश्नाने. दळण नाही म्हणून ओवी नाही. फारसी शब्दांचा मूळ अर्थ येथे पुन्हा अक्षरशः खरा होतो.

ज्वारी ढळली ती दुष्काळात, आणि नंतर सुकाळातही. 1972 च्या दुष्काळात मे 1973 पर्यंत राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे खडी फोडीत होती. त्या काळाच्या आठवणींत दोन शब्द हमखास येतात, 'मिलो' आणि 'सुकडी'. मिलो ही तांबडी अमेरिकन ज्वारी. तिकडे ती जनावरांना घालतात हे कळायला वेळ लागला नाही, आणि तिची भाकरी खाल्लेल्या पिढीच्या बोलण्यात अजून एक कडवटपणा आहे. धान्य ज्वारीचेच, पण चव अपमानाची. त्याच सुमारास संकरित ज्वारी शेतात आली. 'हायब्रीड' हा शब्द मराठवाड्यात कितीतरी काळ फक्त ज्वारीपुरता वापरला गेला. ती भरपूर पिके, खरिपाच्या शेवटच्या पावसात काळी पडे, आणि रब्बीच्या मालदांडीची बरोबरी तिने कधी केली नाही. 1990 नंतर लातूर आणि नांदेडचे खरीप रान सोयाबीनकडे गेले. सोयाबीन विकून पैसा येतो. त्याची भाकरी होत नाही. मग 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलो केला, जानेवारी 2023 पासून तो मोफत झाला. कायद्यात भरड धान्य 1 रुपयाने द्यावयाची तरतूद होती. पण स्वयंपाकघर पालटले ते गव्हा-तांदळाने. आता बाजारात चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे. ज्यांच्या आजोबांनी ज्वारी सोडण्यात प्रतिष्ठा मानली, ते हॉटेलात पैसे मोजून भाकरी मागवितात; मजुराच्या घरी रेशनच्या गव्हाची पोळी होते.

नांदेडमध्ये गव्हाची रोटी तशी परकी नव्हती. 1708 साली गुरू गोविंदसिंगांचे निर्वाण येथे झाले आणि सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात ज्वारीच्या मुलखाच्या मध्यभागी ती भाजली जात आली आहे. पण लंगराची रोटी घरी आली नाही. घरी आले ते चुरमुरे: भिजवून, पिळून, फोडणी देऊन केलेला 'सुशीला', आज मराठवाड्याची खूण म्हणून मिरविला जाणारा पदार्थ. तांदूळ न पिकणाऱ्या प्रदेशाने तांदळाच्या लाह्यांवर आपली ओळख बांधावी यात आम्हांस गंमत वाटते. त्यामागचे कारण साधे असावे: सुशीलाला ना दळण लागते, ना थापणे.

पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांची पहाट मोकळी झाली आणि ओवी थांबली. ओवी थांबल्याचे दुःख संग्राहकांना झाले. दळणाऱ्या बायकांनी ते केल्याचे फारसे ऐकिवात नाही. 2018 साली परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त अधिक असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला. 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले. तेव्हापासून ज्वारीच्या वॉफलचे तयार पीठही पाकिटातून मिळते, आणि त्यावर काही महिन्यांची मुदत छापलेली असते.

स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या परिसरात लोकसाहित्यावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक काम पडून आहे. उपलब्ध ओव्यांत जात्यात पडणाऱ्या धान्याची नावे कोणती, पिवळी ज्वारी कोठे येते, गहू कोणाच्या घरी आणि कोणत्या सणाला येतो, आणि दळणारी ते स्वतःसाठी दळते की दुसऱ्याच्या घरचे, हे गाव आणि जात यांसह मोजून पाहावे. ओव्या गोळा झालेल्या आहेत. बहुतेकींखाली गायिकेचे नाव आणि गावही दिलेले आहे.