मारो, तारो आणि तांड्याचा इतिहास

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेला विदर्भ-मराठवाड्याबरोबर तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातूनही भाविक येतात. त्यांच्या गावचे बाजार कुठे तेलुगूत चालतात, कुठे कन्नडमध्ये, कुठे मराठीत. तरीही इथे जमल्यावर ते एकमेकांशी गोरबोलीत, म्हणजे बंजारा समाजाच्या बोलीत, बोलतात. ही एकी केवळ श्रद्धेची नाही, तिला भाषेचाही आधार आहे. माझ्या मते त्या आधाराचा सर्वांत भक्कम पुरावा गोरबोलीच्या सर्वनामांत सापडतो, आणि बंजारा इतिहास लिहिताना त्याला आजवर मिळाले त्याहून मोठे स्थान द्यायला हवे.

याचे कारण असे की या समाजाचा लेखी इतिहास बहुतांशी इतरांनी लिहिला आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून लदेणी करणारे तांडे मोगल फौजांना रसद पुरवत. 1630च्या सुमारास आसफखान या मोगल सरदाराच्या फौजेबरोबर ते दख्खनेत आले, ही परंपरा कंबरलेज या वऱ्हाडातल्या पोलीस अधिकाऱ्याने नोंदवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे वऱ्हाडात आली आणि लदेणीचा धंदा बुडाला. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या जमातींकडे संशयाने पाहण्याची रीतच घालून दिली. अशा कागदांत तांडा दिसतो तो लष्कराच्या किंवा पोलिसांच्या नजरेतून. बोली मात्र तांड्याने स्वतः जपली.

भाषा शेजाऱ्यांकडून नावे सहज उचलते. पिकांची, हत्यारांची, कचेरीची नावे गोरबोलीतही प्रांताप्रांतानुसार बदलतात. पण दर वाक्यात लागणारी, लहानपणी आईकडून शिकलेली सर्वनामे सहसा बदलत नाहीत. गोरबोलीत ‘मन’ म्हणजे मला, ‘मारो’ माझा, ‘तारो’ तुझा, ‘हमारो’ आमचा, ‘तमारो’ तुमचा. मराठीची ‘माझा-तुझा’ ही रूपे प्राकृतातल्या ‘मज्झ-तुज्झ’ यांतून आली, तर ‘मारो’चे नाते मारवाडी ‘म्हारो’ आणि गुजराती ‘मारो’ यांच्याशी आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी 1907मध्ये भारताच्या भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात बंजारीची, म्हणजे याच बोलीची, नोंद करताना तिचे नाते राजस्थानी-गुजरातीशीच जोडले. काही शतके मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलखात काढूनही ‘मारो’चा ‘माझा’ झाला नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की सर्वनामेही उसनी घेतली जातात; इंग्रजीतला ‘दे’ हा शब्द उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचा आहे. हे खरे आहे. पण नॉर्स आणि जुनी इंग्रजी या जवळच्या बहिणी होत्या, आणि तिथेही ‘मी’ व ‘तू’ यांची रूपे इंग्रजीने आपलीच ठेवली. गोरबोलीत तर या दोन्ही पुरुषांची मालिकाच पश्चिमेकडची आहे. ती एकेक शब्द उचलून जमलेली असण्यापेक्षा वारशाने आलेली असणे अधिक संभवते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बोलीवरून रक्ताचे नाते ठरत नाही. तो मला मान्य आहे. शतकानुशतके चालणाऱ्या तांड्यात वेगवेगळ्या कुळांची माणसे मिसळली असतील. सर्वनामे वंशावळ सिद्ध करत नाहीत. बोली कोणत्या मुलखातून आली आणि घराघरांत किती निष्ठेने टिकली, एवढेच ती सांगतात. इतिहासाला तेवढेही मोलाचे आहे.

या पुराव्याची कदर शाळेतही व्हायला हवी. गोरबोलीत ‘ऊ’ हे सर्वनाम पुरुषासाठीही चालते आणि स्त्रीसाठीही. मराठीत त्या जागी ‘तो’ आणि ‘ती’ आहेत, इंग्रजीत ‘ही’ आणि ‘शी’. तांड्यातले मूल इथे अडखळले तर ते व्याकरणात कच्चे आहे असे समजणे अन्यायाचे आहे; त्याच्या घरच्या व्याकरणाने ही वाटणी वेगळी केली आहे. शिक्षकाने ‘ऊ’, ‘तो-ती’ आणि ‘ही-शी’ फळ्यावर शेजारी शेजारी मांडले तर इंग्रजी सर्वनामांचा नियम मुलाला लवकर कळेल. शिवाय आपल्या बोलीलाही नियम आहेत, आणि ते सांभाळत तिने दूरचा प्रवास केला आहे, हेही त्याला कळेल. पोहरादेवीत आता बंजारा विरासत संग्रहालय उभे आहे. तिथे पोशाख आणि वाद्यांइतक्याच मानाने या सर्वनामांचा तक्ता लागावा.